पितळी मुठींवर गुलाबी डाग

प्रश्न: जुन्या कपाटाच्या पितळी मुठी रात्रभर लिंबाच्या रसात ठेवल्या, सकाळी गुलाबी डाग! आता काय करू?

उत्तर: अहो, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आंबटात जास्त वेळ राहिलं की वरचं जस्त निघून जातं आणि तांबं उघडं पडतं, तोच तो गुलाबीपणा. घाबरू नका, थर पातळ असतो, मेटल पॉलिश मऊ कापडावर घेऊन हळूहळू घासा, निघेल. पण आधी लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा, मग जोरात घासूच नका प्लीज! शेवटी धुऊन, खाचांमधलं पाणीसुद्धा टिपून, मेणाचा पातळ हात द्या.