बागेतल्या छोट्या कृत्रिम तळ्याचं पाणी सारखं हिरवं होतं. कारंजं बसवलं तर स्वच्छ राहील का?

बसवा की. पाणी हिरवंच राहील, फक्त उडत राहील.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटारी वाइंडिंग करतो. आमच्या कॉलनीच्या बागेतलं कारंजं मीच बसवलंय, अर्धा एचपीचा पंप, मजुरी शून्य. तळं 35 बाय 20 फूट, पाणी अडीच फूट, म्हणजे 50 हजार लिटरच्या आतबाहेर. पहिले दोन महिने तळातलं नाणं दिसायचं. मग संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांना पुण्य मिळवायची हौस आली. चुरमुरे, खारी, मिसळीचा उरलेला पाव, सगळं माशांना. मासे खाऊन खाऊन किती खाणार? उरलेलं कुजतं, त्यात माशांची घाण, म्हणजे नत्र आणि स्फुरद आयतं. वर दिवसभर ऊन. शेवाळ नाही येणार तर काय येणार?

आता साडूंचं सांगतो. थोरले साडू दोन बिल्डिंग सोडून राहतात. मूळचे तासगावकडचे, जन्म द्राक्षात गेलेला. द्राक्षावर फवारायच्या बोर्डो मिश्रणाला वापरतात तो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घेऊन आले, पाव किलो.

मी म्हटलं, "पाव्हणं, मासं हायती त्यात."

"शेवाळ मेलं की मासं खूश."

रविवारी दुपारी बादलीत विरघळवून निळं पाणी चारी बाजूंनी ओतलं. मंगळवारी तळं तपकिरी झालं, आणि साडू मिशीला पीळ देत काठावर उभे. बुधवारी पहाटे वॉचमनचा फोन आला. जाऊन बघतो तर हातभर लांबीचे रोहू पोट वर करून कडेला लागलेले. दोन-तीन जिवंत होते, ते पाण्याबाहेर तोंड काढून नुसतं उघडझाप करत होते. गप्पी मासे तर भाताच्या तुसासारखे एका कोपऱ्यात जमलेले. वासामुळं बागेत कुणी थांबेना. 31 रोहू मी घमेल्यात भरून सोनचाफ्याखाली पुरले.

मीटिंगमध्ये साडूंनी निकाल दिला: रात्री पंप बंद होता म्हणून मासे मेले. सगळ्यांनी माना हलवल्या. लाइट बिल वाचवायला रात्री 10 ला पंप बंद करायचा ठराव ह्याच मंडळींनी केला होता, ते कुणाला आठवेना.

मोरचुदातलं तांबं माशांच्या कल्ल्यांना विष आहे, हे एक. दुसरं, मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं. जिवंत शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेही घेतं, त्यामुळं पहाटे तो सगळ्यात कमी असतो. हे मी साडूंना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. सहा वर्षं झाली, अजून प्रत्येक लग्नात पंपाचा विषय निघतोच.

त्याच मीटिंगमध्ये तळं बुजवायचाही विषय आला. आपल्या गावाला ती सवयच आहे. कपिलतीर्थावर मंडई, रावणेश्वरावर स्टेडियम, वरुणतीर्थाचं गांधी मैदान. गांधी मैदानात पावसाळ्यात अजून पाणी साचतं, तरी आमचे लोक बुजवा म्हणतात.

तुमच्यासाठी: खायला टाकणं बंद करा. बोर्ड कुणी वाचत नाही, माणूस उभा करा. निर्माल्य येऊ देऊ नका. लॉनचं खत पावसात वाहून येतं, म्हणून काठ वीतभर उंच करा. उन्हाळ्यात तळाचा गाळ काढा. निम्म्याला थोडं कमी पाणी कमळांच्या पानांखाली राहिलं तर ऊन कमी पोचतं. जांभळी फुलं छान दिसतात म्हणून केंदाळ, म्हणजे जलपर्णी, मात्र आणू नका. का ते रंकाळ्याला फिरायला जाणाऱ्या कुणालाही विचारा.

हां, कारंज्याचा उपयोग नाही असं नाही, पाण्यात हवा मिसळते. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री पंप चालू असता तर चार-दोन रोहू वाचलेही असते. हे घरी बोललेलो नाही.

आता टायमर लावलाय, पहाटे 3 ते 7. साडू साडेपाचला फिरायला येतात. परवा कारंज्याजवळ थांबले, बघितलं आणि म्हणाले, "आता बरा चालू ठेवलायस."