तिसरी 'नीट' नेमकी कुणाची?

प्रश्न : मुलीनं दोनदा नीट दिली, एमबीबीएसइतके मार्क पडले नाहीत. आम्ही तिसऱ्यांदा रिपीट करायचं ठरवलंय. तिनं मात्र खूळ घेतलंय: जनुकं बदलून पिकांचं प्रकाशसंश्लेषण वाढवायचं, हवामानबदल थांबवायचा. यात करिअर आहे का? – एक पालक, लातूर जिल्हा

उत्तर : अभ्यास बुडेल म्हणून लेकीला चुलत बहिणीच्या लग्नालाही नेलं नाही, हे तुम्ही पत्रात कौतुकानं लिहिलंय. वाचून मला धसकाच बसला. सगळं पत्र 'आम्ही ठरवलं'नं भरलंय. तिच्या वाट्याला एक ओळ, आणि तिलाही तुम्ही 'खूळ' म्हणता. दोन वर्षं खोलीत बसून ज्या मुलीला अजून पानाच्या आतल्या घडामोडींबद्दल कुतूहल वाटतं, तिची काळजी करू नका. मला काळजी तुमच्या हट्टाची वाटते.

तिचा एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. जोमदार पीक हवामानबदल थांबवत नाही. पिकानं ओढलेला कार्बन आपण खाल्ला, गुरांनी खाल्ला किंवा काड कुजलं, की बहुतेक परत हवेत जातो. खरा फायदा तेवढ्याच रानात जास्त धान्य आणि वाढत्या उन्हात पिकाचा टिकाव, हा. पानातलं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) कार्बन डायऑक्साइडऐवजी चुकून ऑक्सिजनही पकडतं, आणि उष्णता वाढली की ही चूक वाढते. ती निस्तरण्यात झाडाची बरीच ऊर्जा जाते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी जनुकं बदलून तंबाखूत ही चूक कमी ऊर्जेत निस्तरणारी जवळची वाट बसवली. २०१९च्या निष्कर्षांनुसार शेतातल्या झाडांची वाढ सुमारे ४० टक्के जास्त होती. तिथल्याच दुसऱ्या प्रयोगात ऊन-सावलीच्या बदलाशी पान लवकर जुळवून घेईल असं सोयाबीन केलं. एका हंगामात उतारा ३३ टक्क्यांपर्यंत वाढला. पुढच्या हंगामात पीक लोळलं आणि फरक दिसेना. लोळलेलं सोयाबीन म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

करिअर आहे, पण संथ. पीएचडीपर्यंत दहाएक वर्षं धरा. आपल्याकडे बाहेरचं जनुक घालून केलेलं व्यापारी पीक अजून बीटी कापूस एवढंच. जनुक-संपादित, म्हणजे स्वतःच्याच जनुकांत नेमके बदल केलेल्या, भाताचे दोन वाण मात्र २०२५ मध्ये जाहीर झाले. प्रवेशपरीक्षा अशा: आयसर या केंद्राच्या विज्ञान-संशोधन संस्थांसाठी आयएटी, तशाच नायसर या संस्थेसाठी नेस्ट, बीएस्सी ॲग्रीसाठी एमएचटी-सीईटी. आयसरला बारावी कोणत्या वर्षी पास झालो याची अट असते. तुमच्या तिसऱ्या रिपीटमध्ये हेच दार बंद होऊ शकतं, म्हणून यंदाची माहितीपुस्तिका आजच उघडा.

फॉर्म तिला भरू द्या. ओटीपीसुद्धा तिच्याच मोबाइलवर येऊ दे.