भाड्याच्या फ्लॅटमध्ये बॉण्डेज फर्निचर: पट्टे, बेंच की क्रॉस?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बॉण्डेजसाठी, म्हणजे प्रणयात जोडीदाराला त्याच्या संमतीने बांधण्यासाठी, दोघांचीही मनापासून तयारी आहे, घर भाड्याचं वन बीएचके, आणि डोक्यात तीन पर्याय आहेत. पलंगाला लावायचे पट्टे, गुडघे टेकून ओणवं पडायला सुताराकडून करून घेतलेला बेंच, किंवा हातपाय फाकवून उभं बांधायचा, भिंतीलगतचा एक्स आकाराचा क्रॉस. शिवाय बेडरूमच्या स्लॅबमध्ये पंख्याचा एक जादा हूक आहे, तो वापरता येईल का?

हुकाचं आधी सांगते: नाही. तो हूक काही किलोंचा पंखा सरळ खाली टांगण्यासाठी असतो. माणसाचं वजन, त्यात झटका आणि तिरकी ओढ, हे त्याच्या हिशेबात कधीच नव्हतं. जुन्या इमारतीत स्लॅबच्या आत सळई किती गंजली आहे ते खालून दिसत नाही. झोपाळ्याच्या कड्यांनाही हेच लागू. तिथे भार सगळ्या कड्यांत वाटला जातो; एकाच कडीवर आणि बाजूने ओढ दिली की गणित बदलतं. माणूस टांगणं हा वेगळाच विषय आहे आणि तो समोरासमोर शिकायचा असतो. सुरुवातीच्या खरेदीत त्याला जागा देऊ नका.

बाकी तिन्ही गोष्टी दोन कसोट्यांवर तपासा. पहिली, शरीराचं वजन फर्निचरवर पडतं की कफवर, म्हणजे मनगटाला-घोट्याला बांधायच्या रुंद पट्टीवर? कफ हालचाल थांबवण्यासाठी असतात, वजन पेलण्यासाठी नाही. दुसरी, बांधलेली व्यक्ती अचानक बेशुद्ध झाली तर तिला अर्ध्या मिनिटात, एका हाताने सोडवता येतं का? एका हाताने अशासाठी, की दुसऱ्या हाताने तिला सावरायचं असतं. लोक खरेदी करताना किती घट्ट बसतं ते बघतात आणि सुटण्याचा विचार घरी आल्यावर करतात. क्रम उलटा हवा.

पट्ट्यांपासून सुरुवात करा. गादीखालून जाणारे, चार टोकांना कफ असलेले, ४ ते ५ सेंमी रुंद नायलॉनचे पट्टे भाड्याच्या घरात सगळ्यात सोयीचे. भिंतीला भोक नाही, पलंगाला खिळा नाही, काम झालं की कफ गादीखाली ढकलून द्यायचे. कफ मनगटावर किमान ५ सेंमी रुंद हवा, आतून मऊ, आणि लावल्यावर दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. वेल्क्रोचे कफ नवख्यांसाठी उत्तम, कारण ताण असतानाही ते फर्रकन सुटतात. बकलचा कफ तसा सुटत नाही. बकलची जीभ काढायला पट्टा आधी थोडा आणखी आवळावा लागतो, आणि हात लोंबकळत असेल तर ते जमत नाही. ओढणी, रेशमी स्टोल, टाय यांनी बांधू नका. ओढ बसली की त्यांची गाठ आत इतकी आवळते की शेवटी कापावीच लागते. खोक्याच्या स्टोरेज पलंगाच्या प्लायला किंवा पार्टिकल बोर्डला स्क्रूने कडी लावायचा मोहही टाळा. पार्टिकल बोर्डमधला स्क्रू दोन-चार जोरदार ओढींत भुश्यासकट बाहेर येतो.

आता बेंच. तिघांपैकी यावर पैसे आणि वेळ घालवणं मला सगळ्यात योग्य वाटतं, कारण इथे वजन खरोखर फर्निचरवर असतं. गुडघे खालच्या गाद्यांवर, धड मधल्या फळीवर, आणि कफना जवळजवळ काहीच काम नाही. पण मापं चुकली तर हाच बेंच त्रासदायक होतो, आणि ऑनलाइन मिळणारे बेंच सरासरी मापाचे असतात. मोजायचं असं: जी व्यक्ती वापरणार तिला जमिनीवर गुडघ्यांवर ताठ उभं करा आणि जमिनीपासून जांघेच्या घडीपर्यंतचं अंतर घ्या. गुडघ्याची गादी आणि धडाची फळी यांच्या उंचीत साधारण तेवढाच फरक हवा, दोन-तीन सेंमी कमी चालेल. फरक जास्त झाला की गुडघे अधांतरी राहून सगळा भार पोटावर येतो, आणि पोट दबलं की श्वास उथळ होतो.

धडाची फळी २५ ते २८ सेंमी रुंद ठेवा. याहून रुंद केली तर हात खाली सोडताना कडा काखेत रुततात, आणि काखेतून हाताच्या सगळ्या नसा जातात. फळीची पुढची कड गळपट्टीच्या हाडांच्या खाली संपली पाहिजे. ती गळ्याखाली आली तर मान दमून खाली आल्याबरोबर गळा लाकडावर दाबला जातो. डोक्यासाठी पुढे वेगळा उशीसारखा आधार ठेवा, आणि पुढची बाजू मागच्यापेक्षा खाली उतरती नको. सगळ्या कडा गोल करून घ्या. वर निदान ५ सेंमी जाडीचा, ४० डेन्सिटीचा फोम आणि त्यावर रेक्झिन. मऊ गादीचा फोम दहा मिनिटांत तळाला टेकतो आणि गुडघ्यांना लाकूड लागायला लागतं.

सांगाड्याला १८ किंवा १९ मिमीचं चांगलं प्लाय किंवा सागवान चालेल. जोड मात्र स्क्रूचे नकोत; आरपार ८ मिमीचे बोल्ट, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर आणि सहज सैल न होणारे नायलॉक नट. पायांचा पसारा धडाच्या फळीच्या दुपटीहून जास्त, म्हणजे साधारण ६० सेंमी, आणि तिरके आधार दोन्ही दिशांना. कफ अडकवायला आय बोल्ट लावणार असाल तर अखंड, बंद कडीचेच घ्या. सळई वाकवून केलेली उघडी कडी ओढ बसली की हळूहळू सरळ होते. बेंच आला की आधी त्यावर वापरणाऱ्याच्या दुप्पट वजन ठेवा. सिमेंटची पिशवी ५० किलोची असते, तांदळाची पोतीही चालतील. मग कमरेच्या उंचीवरून बाजूला जोरात ढकलून बघा. करकर वाजलं किंवा डुललं तर सुताराकडे परत.

सुताराला काय सांगायचं हा बहुतेकांचा खरा अडसर असतो. ‘व्यायामाचा बेंच’ एवढं पुरतं. तेही नको असेल तर जिमचा सपाट बेंच घ्या. त्याची रुंदी साधारण हवी तशीच असते, उंची ४२ ते ४५ सेंमीच्या आसपास, आणि तो वजन झेलायलाच बनवलेला असतो. दोन्ही बाजूंना गुडघ्यांसाठी जाड मॅट टाकल्या की काम होतं आणि घरमालक किंवा कामवाल्या मावशींपुढे काही समजवावं लागत नाही. घडीचं मसाज टेबल मात्र यासाठी घेऊ नका. ते स्थिर पडून राहिलेल्या माणसासाठी असतं, बाजूच्या धक्क्याने त्याच्या पायांच्या तारा आणि बिजागऱ्या सुटतात.

क्रॉस दिसायला देखणा, पण तुमच्या घरात मी तो घेणार नाही. मधल्या छेदात दोन्ही लाकडं अर्धी-अर्धी कापावी लागतात, तिथेच ते कमकुवत होतं, आणि भिंतीला पक्कं केल्याशिवाय पुढे कलंडण्याची भीती राहते. त्याहून मोठी अडचण शरीराची आहे. गुडघे ताठ ठेवून न हलता उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, घेरी येते, आणि पूर्ण वजन मनगटांवर लटकतं. अशा वेळी साधा स्नॅप हूक ताणामुळे उघडतच नाही. त्यासाठी ताणाखालीही सुटणारा पॅनिक हूक लागतो. घोड्यांच्या सामानात तो मिळतो. कधी क्रॉस वापरलाच तर हात खांद्यांच्या वर फार नेऊ नका, कमरेला रुंद पट्टा ठेवा आणि सोडताना घोटे आधी, मनगटं नंतर. हात आधी सुटले आणि पाय अडकलेले राहिले तर माणूस पुढे कोसळतो आणि घोटा मोडतो. घेरी आलेल्याला सोडवून लगेच आडवं करा, पाय उंच ठेवा.

नसांबद्दल थोडं सविस्तर, कारण कायमचं नुकसान बहुधा इथेच होतं. तीन जागी पट्टा किंवा कड दाबू देऊ नका: मनगटाची अंगठ्याकडची बाजू, दंडाचा बाहेरचा भाग, आणि गुडघ्याच्या किंचित खाली बाहेरच्या बाजूला जो हाडाचा उंचवटा लागतो तिथे. त्या उंचवट्याला वळसा घालून जाणारी नस कातडीला अगदी लागून असते. ती दबली तर पाऊल वर उचलता येत नाही. म्हणून पायाचा पट्टा गुडघ्याच्या वर किंवा पोटरीच्या मध्यावर बांधा. दर पाच-दहा मिनिटांनी तपासा: ‘माझी दोन बोटं घट्ट दाब’, ‘मनगट वर उचल’, ‘पायाची बोटं वर ओढ’. हात कोमट आहे, रंग ठीक आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. रक्तपुरवठा व्यवस्थित असतानाही नस दबलेली असू शकते. मुंग्या आल्या, बधिरपणा आला किंवा जोर कमी झाला तर तो कफ त्याच क्षणी सोडा, ‘अजून दोन मिनिटं’ नको. सोडल्यावरही जोर परत येत नसेल तर डॉक्टरांकडे जा आणि पट्ट्याने इतका वेळ दबलं होतं हे स्पष्ट सांगा. त्यांना उपचारासाठी तेवढीच माहिती हवी असते.

पालथं झोपवून बांधणं सुरुवातीला पंधरा मिनिटांच्या पुढे नको, हात डोक्यावर असतील तर पाचच. गळ्याला काहीही बांधायचं नाही. खांदा पूर्वी निखळला असेल, मधुमेहाने हातपाय बधिर होत असतील, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, दमा असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी त्यावर बोला आणि डॉक्टरांना विचारा. दारू दोघांनीही नाही. सेफवर्ड, म्हणजे थांबण्यासाठी आधीच ठरवलेला शब्द, साधा ठेवा: लाल म्हणजे सगळं थांबवून सोडायचं, पिवळा म्हणजे हळू. तोंड बंद असेल तर हातात चाव्यांचा जुडगा द्या. तो पडला म्हणजे लाल.

बांधलेल्या माणसाला एकटं सोडून खोलीबाहेर जायचं नाही. दाराची बेल वाजली तर वाजू दे. हाताच्या अंतरावर दोन वस्तू कायम हव्यात: मेडिकलमध्ये मिळणारी बोथट टोकाची बँडेज कापायची कात्री आणि टॉर्च, कारण वीज विचारून जात नाही. ती कात्री तुमच्या पट्ट्याच्या एका टोकावर एकदा चालवून बघा. जाड नायलॉन सगळ्याच कात्र्यांनी कापलं जात नाही. कुलूप आणि साखळी घरात आणायचीच नाही, म्हणजे किल्ली शोधायचीही वेळ येत नाही.

देखभाल फारशी नाही. रेक्झिन प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करा. चामड्याचे कफ पावसाळ्यात बुरशी धरतात, विशेषतः मुंबई-कोकणाकडे, तेव्हा ते प्लास्टिकच्या पिशवीत बंद न करता कापडात गुंडाळून ठेवा. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि नंतर आकसतं, म्हणून दिवाळीच्या सुमारास सगळे नट एकदा पान्याने आवळून घ्या. पट्ट्याची शिलाई उसवलेली दिसली तर तो पुन्हा शिवत बसू नका, नवा आणा.