स्पॉइलर: सुरुवातीला एवढं सांभाळ

स्पॉइलर म्हणजे ज्यांनी अजून वाचलेलं नाही त्यांच्यासमोर गोष्टीतलं पुढचं फोडणं. पुस्तक संपल्या संपल्या त्यावर बोलावंसं वाटणं साहजिक आहे. वाचकांच्या ऑनलाइन गटात बिनधास्त लिही. फक्त पहिल्याच ओळीत पुस्तकाचं नाव आणि कुठल्या प्रकरणापर्यंतचं बोलणार आहेस ते टाक. शीर्षकात काही फोडू नकोस, ते न उघडताही वाचलं जातं. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर मजकुराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा दिल्या की तो झाकला जातो. पण पुस्तकाचं नाव झाकू नकोस, नाहीतर उघडायचं की नाही हे कसं ठरवणार?

नवे लोक हमखास चुकतात ते वेगळ्याच ठिकाणी. अर्ध्यावर असलेला कुणी म्हणतो, "खुनी डॉक्टरच असणार!" आणि आपण लिहितो, "हं, वाच पुढे." झालं, त्याला कळलं! अंदाज बरोबर असो वा चूक, उत्तर एकच ठेव: "तुला असं का वाटतं?" त्यावर गप्पा फार छान रंगतात. "शेवटी जबरदस्त धक्का आहे" हेही नको. मग वाचणारा पानोपानी धक्काच शोधत बसतो.

जुन्या पुस्तकालाही हेच लागू, कारण कुणीतरी ते आज पहिल्यांदाच उघडलेलं असतं. चुकून काही फुटलंच तर लगेच झाक, एका ओळीत माफी माग आणि लिहीत राहा.