इटलीतल्या टस्कनीत गाडी न घेता खेड्यातल्या व्हिलात आठवडाभर राहणं जमेल का?

खरं सांगायचं तर नाही. माँताल्चिनो-पिएन्झा भागातले व्हिला बहुतेक गावाबाहेर, कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवर असतात आणि बसगाड्या मोजक्याच. दूध संपलं तरी गाडी काढावी लागते. इथून निघतानाच आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. जुन्या गावांत 'झेड-टी-एल'ची, म्हणजे परवानगी नसलेल्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाची, पाटी दिसली की गाडी बाहेरच लावा. आत शिरलात तर कॅमेरा टिपतो आणि दंडाची चिठ्ठी मागाहून घरी येते!

पिएन्झा अर्ध्या दिवसात होतं. पोप पायस दुसरे यांनी 1459 पासून आपलं हे जन्मगाव नव्यानं बांधून घेतलं. तिथलं पेकोरिनो चीज चाखूनच घ्या.

पण खरा वेळ ठेवा तो सांत'आंतिमोसाठी. माँताल्चिनोपासून साधारण 10 किलोमीटरवर, ऑलिव्हच्या झाडांत उभं असलेलं हे बाराव्या शतकातलं चर्च. आत उजव्या हाताला एका खांबाच्या माथ्यावर बायबलमधला, सिंहांच्या गुहेत टाकलेला संदेष्टा दानिएल कोरलाय, तो मान वर करून बघाच. काही दगड अलाबास्टरचे, म्हणजे उजेड आरपार झिरपू देणारे, आहेत, ऊन पडलं की मधासारखे उजळतात. त्यामुळे ढगाळ दिवशी जाऊ नका.

ऑगस्ट टाळा, मे किंवा सप्टेंबर उत्तम.