एस्टोनियात स्वीडिश राजवटीला 'जुना चांगला काळ' का म्हणतात? तो खरंच चांगला होता का?

अर्धंच खरं. १५६१ मध्ये रेवाल, म्हणजे आजची एस्टोनियाची राजधानी टॅलिन, स्वीडनच्या छत्राखाली गेलं. रिगा (आज शेजारच्या लॅटव्हियात) १६२१ मध्ये स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फने जिंकलं आणि १६३२ मध्ये एस्टोनियातल्या तार्तू शहरात विद्यापीठ निघालं. पण तिथे कुळांची पोरं नव्हती. जमीनदार जर्मन, कुळं वेठबिगार.

लोकांच्या मनात राहिला तो फोर्सेलियस हा शिक्षक. १६८४ मध्ये त्याने तार्तूजवळ शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षक बनवणारी शाळा काढली. 'हे काय शिकणार' म्हणणाऱ्यांची तोंडं बंद करायला दोन पोरांना थेट स्टॉकहोमला राजापुढे उभं केलं! त्याच राजाने, अकराव्या कार्लने, सरदारांच्या बऱ्याचशा जहागिरी सरकारजमा केल्या, त्यामुळे कुळांना जरा दिलासा मिळाला.

दुसरी बाजू १६९५-९७ च्या दुष्काळाची. जवळपास पाचवा हिस्सा लोकसंख्या गेली, आणि तरी इथलं धान्य जहाजांनी बाहेर जातच होतं.

१७१० मध्ये रशियन आले, १७२१ च्या तहाने कायमचे बसले. झारने जमीनदारांचे हक्क परत दिले, वेठ आणखी आवळली. स्वीडिश काळ गोड वाटतो तो बराचसा त्यानंतरच्या या जाचामुळे.