वाचकांचे प्रश्न : विज्ञान, नवनिर्मिती आणि सरकारी धोरण

सरकारी धोरणाने देशातील विज्ञानाला आणि नवनिर्मितीला चालना कशी मिळेल, याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

संशोधनावरील सरकारी खर्च एकदम दुप्पट केला, तर देशातील विज्ञान झपाट्याने पुढे जाईल का?

खर्च वाढायला हवाच; परंतु तो कोणत्या गतीने वाढतो आणि वाढल्यावर टिकतो का, यावर बरेच काही अवलंबून असते. अमेरिकेने हा प्रयोग करून पाहिला आहे. वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणाऱ्या तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे अंदाजपत्रक १९९८ ते २००३ या पाच वर्षांत सुमारे १३.६ अब्ज डॉलरवरून २७ अब्ज डॉलरवर नेण्यात आले. विद्यापीठांनी नव्या इमारती बांधल्या, प्रयोगशाळांनी अधिक विद्यार्थी घेतले आणि नेमकी त्यानंतर ही वाढ थांबली. तोवर अर्जदारांची संख्या मात्र फुगलेली होती. परिणामी, पूर्वी साधारण तीन अर्जांमागे एकाला मिळणारे अनुदान काही वर्षांतच पाचांमागे एकाला मिळू लागले, आणि त्याची झळ सर्वांत जास्त बसली ती स्वतःची प्रयोगशाळा उभी करू पाहणाऱ्या तरुण संशोधकांना.

विद्यार्थ्याचा स्वतंत्र संशोधक होण्यास दहा-बारा वर्षे लागतात, तर अंदाजपत्रक दरवर्षी बदलते. म्हणूनच एका वर्षाच्या मोठ्या घोषणेपेक्षा पाच-सात वर्षांसाठी बांधून दिलेली, लहानशी पण खात्रीची वाढ मला अधिक मोलाची वाटते. मंजूर रक्कम वेळेवर हातात पडणे हाही धोरणाचाच भाग आहे. हप्ता सहा महिने रखडला, तर शिष्यवृत्तीवर जगणारा विद्यार्थी नोकरी शोधू लागतो आणि बिघडलेले यंत्र सुट्या भागाअभावी तसेच पडून राहते.

आमच्या उपकरणाला अनुदान मिळाले, पुरस्कारही मिळाला. पण सरकारी खाती ते विकत घेत नाहीत. धोरणात कोठे बदल हवा?

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित राहिलेला प्रश्न हाच आहे. एखादे खाते नव्या कल्पनेला अनुदान देते आणि शेजारचे खाते त्याच कल्पनेसाठी निविदेचे दार बंद ठेवते, हे अनेक देशांत घडते. निविदेतील अटी पाहाव्यात: मागील काही वर्षांची ठरावीक उलाढाल, अशाच वस्तूच्या पुरवठ्याचा पूर्वानुभव आणि शेवटी सर्वांत कमी दर. जी वस्तू यापूर्वी अस्तित्वातच नव्हती, तिच्या पुरवठ्याचा अनुभव कोणाकडे असणार? खरेदी अधिकाऱ्यालाही दोष देता येत नाही, कारण जुनी वस्तू निकामी ठरली तर कोणी विचारत नाही, नवी निकामी ठरली तर चौकशी लागते.

पहिला ग्राहक म्हणून सरकार काय करू शकते, हे इंटिग्रेटेड सर्किटच्या, म्हणजे एकाच चिपवर अनेक इलेक्ट्रॉनिक भाग सामावणाऱ्या सर्किटच्या, इतिहासात दिसते. १९६० च्या दशकाच्या आरंभी हे सर्किट महाग होते आणि त्याच्या भरवशाविषयी उद्योगांना शंका होती. चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो यानाचा संगणक तयार करणाऱ्या, एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने सुरुवातीला त्याचे सर्व तार्किक काम एकाच प्रकारच्या सर्किटवर बेतले. अनेक प्रकार थोडे थोडे घेण्याऐवजी एकच प्रकार हजारोंच्या संख्येने घेतल्यामुळे प्रत्येक खेप काटेकोरपणे तपासता आली, दोष कोठून येतात हे उत्पादकांना कळले आणि उत्पादन सुधारत गेले. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील अशा सर्किटांच्या उत्पादनापैकी निम्म्याहून अधिक या एकाच प्रकल्पासाठी जात होते. क्षेपणास्त्रांसाठीची मागणीही त्यात मिळाली आणि दशक संपेपर्यंत किमती अनेक पटींनी उतरल्या. यात अनुदानाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, काम केले ते ठाम मागणीने आणि कठोर तपासणीने.

म्हणून खरेदीतील छोटा वाटा नव्या उत्पादनांसाठी राखून ठेवावा, अनुभवाच्या अटीऐवजी कामगिरीची चाचणी ठेवावी आणि चाचणीत उतरलेल्या वस्तूची किती संख्येने खरेदी होईल हे आधीच जाहीर करावे. अखेरची अट विसरू नये. चाचणीनंतर मागणीच आली नाही, तर त्या यशाचे कंपनीने काय करावे?

ज्याचा उपयोग कोणालाच सांगता येत नाही, अशा संशोधनावर करदात्यांचा पैसा का घालवावा?

कारण उपयोग आधी सांगता आला असता, तर ते काम कंपन्यांनीच केले असते. १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सरकारी अनुदानावर यलोस्टोन उद्यानातील उष्ण झऱ्यांमधले जीव तपासत होते. तेथे सापडलेल्या एका जिवाणूतील विकर (एन्झाइम) उच्च तापमानातही टिकते. १९८३ मध्ये कॅरी मलिस यांनी डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची पीसीआर पद्धत शोधली आणि पुढे हेच विकर तिचा आधार झाले. झऱ्यांचा अभ्यास आणि पीसीआरवर चालणारी रोगनिदानाची चाचणी यांतील संबंध अनुदान देतेवेळी कोणत्याही समितीला दिसला नसता. अर्थात, याचा अर्थ प्रत्येक कुतूहलाला पैसा द्यावा असा नाही; प्रश्न नीट मांडला आहे का आणि पद्धत पक्की आहे का, हे तज्ज्ञांनी कठोरपणे तपासावेच. त्यांनी उपयोगाचे भाकीत मात्र मागू नये, कारण ते मागितले की अर्जात ते रचून लिहिले जाते.

पेटंट कायदा कडक केला की नवनिर्मिती वाढते का?

सरसकट नाही. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट नाकारून ते केवळ निर्मितीच्या प्रक्रियेवर दिले. त्यामुळे देशी कंपन्यांनी त्याच औषधांच्या वेगळ्या प्रक्रिया शोधल्या आणि रसायनशास्त्रातील मोठे कौशल्य उभे राहिले. रेणूवरील पेटंट २००५ पासून पुन्हा लागू झाले. अमेरिकेची गरज वेगळी होती. तेथे सरकारी पैशातून झालेले शोध सरकारच्या मालकीचे होऊन कपाटात पडून राहत. १९८० च्या बाय-डोल कायद्याने विद्यापीठांना त्यांची मालकी ठेवून उद्योगांना परवाने देण्याची मुभा दिली. ज्याची उद्योगव्यवस्था अजून शिकते आहे आणि ज्याच्या प्रयोगशाळा आधीच भरलेल्या आहेत, अशा दोन देशांना एकच कायदा मानवणार नाही.

सरकारने होतकरू कंपन्या स्वतः निवडून त्यांत पैसा गुंतवावा का?

निवड शक्यतो दुसऱ्याकडे द्यावी आणि जोखमीत वाटा घ्यावा. यात तपशील किती निर्णायक ठरतो, हे इस्रायलच्या दोन योजनांवरून कळते. १९९२ मधील ‘इन्बाल’ योजनेत गुंतवणूक निधींना तोटा झाल्यास मोठ्या हिश्श्याची भरपाई सरकार देणार होते. बुडण्याची भीती कमी झाली, पण चांगली कंपनी शोधण्याची निकड निर्माण झाली नाही, आणि ती योजना फसली. पुढच्याच वर्षीच्या १० कोटी डॉलरच्या ‘योज्मा’ योजनेत तोट्याची हमी नव्हती. सरकारने १० खाजगी निधींत सुमारे ४० टक्क्यांपर्यंत भांडवल घातले, परदेशी अनुभवी भागीदाराची अट घातली आणि पाच वर्षांच्या आत सरकारचा हिस्सा मूळ किंमत अधिक व्याज देऊन विकत घेण्याचा अधिकार खाजगी भागीदारांना दिला. म्हणजे नफा झाल्यास तो बहुतांशी त्यांचा. हा अधिकार बहुतेक निधींनी वापरला. सरकार बाहेर पडले आणि जोखीम भांडवलाचा, म्हणजे होतकरू कंपन्यांत पैसा गुंतवण्याचा, व्यवसाय त्याच्याशिवाय चालू राहिला. बाहेर कधी आणि कोणत्या अटीवर पडायचे, हे योजनेच्या मसुद्यातच लिहिलेले होते. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या योजनेच्या मसुद्यात हे कलम आहे का, ते वाचकांनी जरूर शोधून पाहावे.